भरताचं तेल आणि बहात्तरचा दुष्काळ

वजन कमी करायचं ठरवलेल्या बाईनं खानदेशात नांदू नये. नांदावंच लागलं तर नवऱ्याला निदान स्वयंपाकाची आवड नसावी. माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या आहेत आणि दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण हे घरातली माणसंही वाचतात. :)

झालं असं, की मागच्या वर्षी दिवाळीनंतर रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा ६.२ आला. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७१ किलो. डॉक्टर म्हणाले, "अजून मधुमेह नाही, पण दारात येऊन उभा आहे." माझ्या वडिलांची शेवटची दहा वर्षं इन्सुलिनच्या सुया मोजण्यात गेली. त्यामुळे दारात कोण उभं आहे ते मला नीट माहीत होतं.

घरी येऊन सांगितलं. नवऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "आजपासून तेल कमी" असं जाहीर केलं, आणि रात्री शेवभाजी केली. (तेल खरंच कमी होतं. त्याच्या हिशेबानं.) पुढच्या रविवारी तो भुसावळ रस्त्यावर जेवायला घेऊन गेला, "तू फक्त भाकरी आणि ठेचा खा" या अटीवर. असे दोन-तीन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी त्यानं दोन तास खपून पातोड्यांचा रस्सा केला आणि मी वाटी पुढे सरकवून म्हटलं, "मला नको." तो काहीच बोलला नाही. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि टीव्ही लावून बसला. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, भांडणं भरपूर झाली, पण जेवणावरून अबोला हा पहिलाच.

अशा वेळी मी नेहमी करते तेच केलं, वाचत बसले. आपल्याकडे जेवायला "नको" म्हणणं हा अपमान कधीपासून झाला, एवढंच मला शोधायचं होतं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती भाषेची. वजन कमी करण्याला मराठीत सरळ शब्दच नाही. 'पथ्य' आजाऱ्याचं असतं, 'उपास' देवाचा असतो (आणि एकादशी दुप्पट खाशी हे आपणच म्हणतो). म्हणून आपण मुकाट 'डाएट' म्हणतो. बारीक होण्याचे जे शब्द आहेत ते सगळे दुःखाचे: वाळली, खंगली, उतरली, हाडं दिसायला लागली. आणि जाड होण्याचे बघा: अंग धरलं, बाळसं धरलं, सुखावली, खात्यापित्या घरची दिसते. ज्या लोकांनी ही भाषा घडवली त्यांना जाडीची भीती नव्हतीच. त्यांना भीती दुसऱ्याच गोष्टीची होती.

जाडीची भीती ज्याच्या नावावर जगभर गाजली तो विल्यम बँटिंग लंडनचा होता. धंदा अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड. डॉक्टरच्या सल्ल्यानं पाव, साखर, बटाटा वगैरे सोडून त्यानं वर्षभरात ४६ पौंड उतरवले आणि १८६३ साली त्यावर एक छोटं पुस्तक काढलं. ते इतकं खपलं की पुढे इंग्रजीत 'बँटिंग करणे' म्हणजे डाएट करणे असा अर्थ रुजला. त्याच वर्षांत, १८६१ ते ६५, अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. रेल्वे तेव्हाच चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळकडे येत होती. म्हणजे लंडनचा माणूस पोट कमी करत होता आणि खानदेशचा कापूस तिकडच्या गिरण्यांकडे निघाला होता. तो पैसा इथे कुणाच्या घरात थांबला आणि कुणाच्या घरावरून नुसता गेला, हा वेगळा विषय आहे.

आपल्याकडची भीती भुकेची. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, त्यामागून १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावंच्या गावं ओस पडली. पुढे १८९६-९७ ला दुष्काळ. त्यातून माणसं उभी राहतात न राहतात तोच १८९९-१९०० चा, ज्याला संवत १९५६ वरून गुजरात-राजस्थानात छप्पनिया म्हणतात. गुरं चाऱ्यावाचून मेली, सातपुड्यातल्या भिल्लांचे हाल तर विचारूच नका. आसोद्याच्या बहिणाबाई १८८० च्या. म्हणजे हे सगळं घडलं तेव्हा त्या विशीच्या उंबरठ्यावर होत्या. जात्यावर बसून त्यांनी जी गाणी रचली ती आपण शाळेत पाठ केली, पण त्या जात्यात घालायला दाणे असण्याचं मोल त्या पिढीला काय वाटत असेल हे काही आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

आता खानदेशी ताटाकडे बघू. रोजचं ताट अगदी साधं होतं. दादरची भाकरी किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, डाळीचं काहीतरी, शेतातली भाजी, सोबत कांदा. आज आपण ज्याला 'खानदेशी जेवण' म्हणून हॉटेलात पैसे मोजतो ते सणाचं जेवण. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस आखाजीला, तेही लेकी माहेरी आल्या म्हणून. रोट श्रावणात कानबाईचे. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी लग्नाच्या पंगतीला नाहीतर देवाच्या कार्याला, आणि तिथे बट्टीवर तुपाची धार धरायची पद्धत. भरीत हिवाळ्यात, वांगी निघाली की.

वर्षातून वीस-पंचवीस दिवस असं खायचं आणि उरलेले दिवस भाकरी-ठेचा. त्या वीस-पंचवीस दिवसांत तेला-तुपाचा हात सैल सोडायचा, कारण उरलेलं वर्ष शरीर ते फेडणार होतं. सगळं गणित यावरच बेतलेलं होतं. 'अजून एक पोळी' हा आग्रहही त्याच गणितातला. पुढच्या वेळी कधी मिळेल कुणाला ठाऊक, म्हणून आज घ्या.

बरं, ज्या तेलाला आपण इथलं म्हणतो तेही तितकंसं जुनं नाही. शेंगदाणा मूळचा अमेरिका खंडातला, मिरचीही तिकडचीच. ज्वारी, तूर, उडीद, तीळ हे आपले जुने. भुईमूग खानदेशात मोठ्या प्रमाणावर पसरला तो विसाव्या शतकात. माझ्या आजेसासूबाईंच्या तरुणपणी तेल पळीनं नाही, बोटानं सोडायचे असं घरात सांगतात. आजेसासूबाई पहाटे तीनला उठून दळायच्या. मग पाणी, मग शेत.

या कष्टाचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१० च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १९०० कॅलरी आणि जड कष्टाच्या बाईला २८५० कॅलरी लागतात असं दिलं आहे. फरक साडेनऊशेचा. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात, म्हणजे फरक झाला जवळजवळ आठ चमचे तेल. गिरणी आली, नळ आला, मिक्सर आला, मी शाळेत खुर्चीवर बसून गणित शिकवायला लागले, आणि ते आठ चमचे माझ्या ताटात तसेच राहिले. उलट वाढले, कारण वीस-पंचवीस दिवसांचं जेवण आता दर रविवारी असतं. बुधवारीही असतं.

हा कागद मी नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "मग तू दळायला लाग." (असो.)

इथपर्यंत गोष्ट सोपी होती, कष्ट गेले आणि ताट राहिलं. पण पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचलं आणि मी जरा हबकलेच. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून जाड. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपली बाळं सगळीकडून सारखी बारीक नव्हती. स्नायू कमी भरले होते, चरबी मात्र त्या मानानं जपून ठेवली होती. याज्ञिकांचं म्हणणं थोडक्यात असं, की आईच्या पोटात, आणि तिच्या आईच्याही पोटात, जे कमी पडलं त्याची आठवण शरीर ठेवतं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी अन्न अडवलं होतं. त्या उपासमारीत जे आईच्या पोटात होते त्यांच्यातही पन्नाशीत साखरेचे दोष जास्त सापडले.

म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची रेघ २५ वर न ठेवता २३ वर ओढतात, आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी म्हणतात. माझी किती आहे ते मी इथे लिहिणार नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत महाराष्ट्रात मधुमेहाचं प्रमाण ८.४ टक्के निघालं होतं, आणि दारात उभे असलेले १२.८ टक्के. म्हणजे उंबरठ्यावर आत आलेल्यांपेक्षा गर्दी जास्त.

हे वाचत होते तेव्हा सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, धुळे जिल्ह्याच्या कोरड्या बाजूचं. माझं माहेर रावेरकडचं. तिथे तापीकाठी केळीच्या बागा, घरात पाणी आणि पैसा दोन्ही. जळगाव-धुळे म्हणून एका दमात नाव घेतात, पण या दोन खानदेशांत (इंग्रजांनी १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हेच केले होते) पावसाच्या आणि भाकरीच्या गोष्टी फार वेगळ्या आहेत. मी सहज विचारलं, "आई, बहात्तरला तुम्ही किती वर्षांच्या होतात?"

"पंधरा. खडी फोडत होते."

मला हे चोवीस वर्षांत माहीत नव्हतं.

१९७२-७३ चा दुष्काळ पुस्तकात मोठ्या आकड्यांत भेटतो. लागोपाठ पावसानं दगा दिला, सरकारनं ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली, १९७३ च्या मे महिन्यात त्या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना याच काळात उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. अमेरिकेतून मिलो नावाची लाल ज्वारी आली. कामावर सुकडी वाटायचे. एवढं मला माहीत होतं.

सासूबाईंनी सांगितलं ते असं. सुकडी कामावरच खायची असा नियम होता, पण त्या निम्मी खायच्या आणि निम्मी पदरात बांधून घरी न्यायच्या, धाकट्या दोन भावांसाठी. मिलोची भाकरी थापताना तुटायची, आणि गुरांचं अन्न खातोय असं वाटायचं. त्यांची आई सगळ्यांना वाढून झाल्यावर टोपलं पालथं घालून झटकायची आणि म्हणायची, माझं पोट भरलंय. "ते खोटं होतं हे आम्हाला कळायचं," सासूबाई म्हणाल्या, "पण आम्ही खायचो." नंतर लसणाच्या पाकळ्या गोळा करून आत निघून गेल्या.

त्यांच्या घरात मी वाटी पुढे सरकवून "नको" म्हटलं होतं. नवऱ्यानं स्वयंपाक त्यांच्याकडूनच उचलला. सात-आठ वर्षांचा असताना चुलीजवळ बसून शिकला. आलेल्या माणसाला दारातच "जेवी ले" म्हणणं, दोन माणसांसाठी पाच जणांचा रांधणं, उरलं तर समाधान वाटणं, हे सगळं त्या पालथ्या टोपल्यातून आलेलं आहे. आणि कदाचित माझा ६.२ सुद्धा अशाच कुठल्यातरी टोपल्यातून आला असेल. रावेरलाही केळी यायच्या आधी कुणीतरी उपाशी झोपलंच असणार.

बाहेर खाण्याची गोष्ट मात्र वेगळी, तिचा भुकेशी संबंध कमी. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. भुसावळ रेल्वेचं मोठं जंक्शन. ट्रकवाले, रेल्वेवाले, बाजाराला आलेले शेतकरी, असं घराबाहेर जेवणारं गिऱ्हाईक इथे भरपूर होतं. त्यांच्या ढाब्यांवर आपण कुटुंब घेऊन जायला लागलो ते मोटरसायकली आणि गाड्या आल्यावर. दिवसभर ट्रक चालवून उतरलेल्या माणसासाठी बेतलेली तर्री आपण गाडीच्या गारव्यातून उतरून खातो. भरीत पार्टीचंही तेच. शेतात तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काट्या पेटवून बामणोदकडची ती हिरवट पांढरी मोठी वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर लाकडी भांड्यात ठेचायची, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि वर तेल, सोबत कळण्याच्या पुऱ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नवऱ्यानं पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. हे पुरुषांचं काम, बायकांनी त्या दिवशी नुसतं बसून खायचं. मला त्याचं फार अप्रूप होतं लग्न झालं तेव्हा. अजूनही आहे. वांगं बिचारं निर्दोष आहे हो, नुसतं पाणी आणि चोथा. दोष त्यावरच्या धारेचा.

मग उपाय काय? २०१८ च्या आसपास महाराष्ट्रभर डॉ. दीक्षितांच्या दोन वेळा जेवण्याची लाट आली होती (मूळ विचार कै. डॉ. श्रीकांत जिचकारांचा). आमच्याकडेही आली. नवऱ्यानं पंचावन्न मिनिटांचा नियम इतका मनावर घेतला की पंचावन्न मिनिटांत तीन भाज्या बसवल्या.

दुसरा रस्ता गांधीजींचा. आमच्या रावेरशेजारच्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. गांधीजी आले होते. माझ्या माहेरी त्याच्या गोष्टी अजून सांगतात. पण नवरा-बायकोच्या ताटाची त्यांची गोष्ट त्याआधीची, दक्षिण आफ्रिकेतली. कस्तुरबा आजारी होत्या. गांधीजींनी मीठ आणि डाळ सोडायला सुचवलं. त्या वैतागून म्हणाल्या, तुम्हाला कुणी सांगितलं तर तुमच्यानं तरी सुटेल का? गांधीजी म्हणाले, झालं, मी आजपासून वर्षभर सोडलं. कस्तुरबा रडल्या, विनवलं, पण ते मागे हटले नाहीत. गांधीजींनी आत्मकथेत ही आपल्या आयुष्यातली गोड आठवण म्हणून सांगितली आहे. कस्तुरबांना ती किती गोड वाटली असेल याची मला शंका आहे. एकानं प्रेमानं सोडून दाखवायचं आणि दुसऱ्यानं शरमेनं सोडायचं, हा संसारात जरा जास्तच भारी पडणारा प्रकार. मी नवऱ्याला तसं करू देणार नाही, आणि तो करणारही नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

आमचा तह साधाच झाला. त्या संध्याकाळी मी त्याला सासूबाईंची सुकडीची गोष्ट सांगितली. त्यालाही ती माहीत नव्हती. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तू नको म्हणत जाऊ नकोस. थोडं वाढ म्हण." म्हटलं, चालेल. तेव्हापासून रोज भाकरी, डाळ, पालेभाजी, आणि सणाचं जेवण सणालाच. दर रविवारी नाही, महिन्यातून एक रविवार. तेलाला पळीऐवजी चमचा. रोज संध्याकाळी मेहरूण तलावापर्यंत चालत जायचं, त्यात तोही येतो आणि वाटेत काय काय शिजवता येईल ते बोलत राहतो. चौदा महिन्यांत वजन ७१ चं ६५ झालं, तो आकडा ५.८ वर आला. दार अजून उघडंच आहे, पण तो पाहुणा दोन पावलं मागे सरकलाय.

परवा यंदाचं पहिलं भरीत झालं. सहा माणसं होतो. मी पाच चमचे तेल सांगितलं होतं, त्यानं सात घातले आणि आठवा घालताना माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात सासूबाईंनी त्याच्या हातातला चमचा काढून घेतला, स्वतःच्या भाकरीवर उपडा केला, आणि म्हणाल्या, "माझी साखर चांगली आहे."